मधात ठेवलेला फोन

गाडी आमच्या गल्लीत शिरत नव्हती. ती चौकात उभी होती आणि ड्रायव्हर थोड्या थोड्या वेळाने हॉर्न वाजवून आपण अजून आहोत असं कळवत होता. नागपूरहून दुपारचं विमान होतं. माझा मुलगा प्रशांत दोन्ही बॅगा घेऊन पुढे गेला होता. मी मागून चालत होते, एका हाताला प्लास्टर आणि दुसऱ्या हातात छातीशी धरलेला उशीचा अभ्रा. अभ्र्यात कापूस होता, सरकी काढलेला, हाताने मोकळा केलेला. तो कमलने दिला होता. कमल म्हणजे माझ्या समोरच्या दाराची. बेबी आमच्या मागच्या घरातली आणि सुशीला कोपऱ्यावरची. तिघी गाडीपर्यंत पोचवायला आल्या होत्या.

"तिकडं कापूस मेडिकलच्या दुकानात भेटते म्हने," कमल म्हणाली. "निळ्या कागदात गुंडाळून. त्याची वात जळन का काही? हा नेजो. संपला का सांगजो, अजून धाडतो."

बेबी डोळे पुसता पुसता ड्रायव्हरवर ओरडली, "अरे बाप्पा, काऊन पोंगा वाजवून राह्यला? बाई चालली ना आमची!" सुशीला गाडीचं दार धरून उभी राहिली. प्रशांतने "काकू, दार" असं म्हटलं तेव्हाच तिने ते सोडलं.

मी मात्र हसत होते. लग्नाला निघाल्यासारखी सगळ्यांना हात करत होते. भीती वाटत होती, पण ती दाखवायची कोणाला? प्रशांत बिचारा रजा काढून न्यायला आला होता, आणि या तिघींना दाखवली असती तर त्यांनी मला गाडीतून ओढून बाहेर काढलं असतं. त्या दिवशी जी भीती गिळली ती अजून खाली उतरलेली नाही. म्हणून हे लिहायला बसले आहे. मागे राहिलेल्या तुम्हा तिघींसाठी, आणि माझ्यासारख्याच ज्या पोरांच्या गाडीत बसून कुठे कुठे गेल्या त्यांच्यासाठी.

विमानतळावर तपासणीच्या बाईने अभ्र्यात हात घातला आणि विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "रुई है, बत्ती बनाने की." तिने वास घेतला, दाबून पाहिलं, दुसऱ्या बाईला बोलावलं. प्रशांत दुसरीकडे बघत उभा होता. त्याला वाटत होतं आईने निदान सुटकेसमध्ये तरी भरायचं. शेवटी त्या दोघींनी कापूस परत केला, पण असा चोळामोळा करून की मला विमानात बसून तो पुन्हा मोकळा करावा लागला. शेजारच्या सीटवरच्या माणसाच्या काळ्या कोटावर तंतू उडत होते. त्याने तक्रार केली नाही, हे त्याचे उपकारच.

मी सिंधू. माहेर लोधीखेड्याचं, सासर पांढुर्ण्याचं. सौंसरला मुलींच्या शाळेत शिकवलं, रोज बसने जाऊन-येऊन. आमचा भाग मध्य प्रदेशातला, म्हणून शाळा हिंदी, घर मराठी, आणि बसमध्ये दोन्हींची खिचडी. हे गेले त्यानंतर काही वर्षं मी घरी एकटीच होते, पण एकटी म्हणायचं आपलं म्हणायला. दुपारची जेवणं झाली की आम्ही चौघी कमलच्या ओट्यावर वाती वळायला बसायचो. आमच्याकडे कापसाला काय तोटा. देवळात कोणाची ना कोणाची लक्षवात असायची. कोणाचा नवस नसला तर आम्ही शोधून काढायचो, कारण वाती बंद झाल्या असत्या तर बसायला निमित्त राहिलं नसतं. बोटाला जराशी राख लावायची, कापसाचा पुंजका ओढायचा, तळहातावर वळायचा आणि तोंड चालू ठेवायचं. कोणाची सून माहेरी गेली, कोणाच्या गुडघ्याला कोणतं तेल चाललं, सावरगावात नदीपलीकडे कोणाच्या घरी पाहुणे आले, सगळं त्या ओट्यावरून जायचं.

नळाला पाणी आलं म्हणून मी घाईने उठले आणि मोरीत पडले, तो दिवसही असाच. मनगट मोडलं. दुपारी मी ओट्यावर आले नाही, तर कमलने दोन हाका मारल्या आणि सरळ मागच्या दाराने आत आली. मी जमिनीवर बसून रडत होते. ती आधी मला ओरडली, मग ॲटो बोलावली. प्रशांतला मात्र फोनवर एवढंच ऐकू आलं की आई पडली आणि घरात कोणी नव्हतं. त्याचंही चुकलं नाही. त्याच्या जागी मी असते तर मीही आईला उचलून आणलंच असतं.

घर सोडण्याचा हा माझा दुसरा प्रसंग. पहिला लग्नातला. लोधीखेड्याहून बैलगाडी नाही हं, चांगली जीप होती! आई जीपच्या खिडकीशी येऊन म्हणाली होती, "गप नको बसू वं माय सासरी. गप बसलेल्या सुनेले ताट वाढाले विसरतात." तेव्हा मला सासूची भीती वाटत होती. आता हसू येतं. सासू काय, चार दिवसांत ओळखीची होते. तिला तोंड असतं, आपल्यालाही असतं.

पुण्यात खराडीला प्रशांतचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर आहे. तो आणि सून रेवती दोघंही सकाळी लवकर निघतात. रेवती पुण्याचीच, स्वभावाने गोड. निघताना रोज विचारते, "आई, काही हवंय का?" मी म्हणते, काही नको. मग दार लागतं. ते दार आपोआप कुलूपबंद होतं, आणि त्याचा जो आवाज होतो तो मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. घरात सगळं आहे. पाणी चोवीस तास, भांडी घासायचं मशीन, बटण दाबलं की भाजी दारात. आमच्याकडची संत्रीसुद्धा येतात, वर नागपूरचा शिक्का मारून. फक्त दिवसभर बोलायला कोणी नाही.

खाली बागेत म्हाताऱ्या बायांचा एक गट बसतो, तिथे गेले होते. बाया चांगल्या घरच्या, चांगल्या बोलणाऱ्या. मी निघताना आपल्या सवयीने म्हटलं, "चला, येतो मी." एक जण म्हणाली, "येतो? अय्या, तुम्ही हिंदी का हो?" मी म्हटलं, आमच्याकडे बाया असंच बोलतात, मी येतो, मी सांगतो. त्यांना फार गंमत वाटली. वाईट हेतू काहीच नव्हता. पुढे मात्र बोलायला तोंड उघडलं की मी आधी वाक्य मनात तपासून घ्यायला लागले, आणि तपासून होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. उभी हयात पोरींच्या वह्या तपासल्या, आता स्वतःचीच तपासायची वेळ आली. मी जाणं सोडलं.

एकदा दुपारी गेटवरून इंटरकॉम वाजला. वॉचमनने विचारलं, पार्सल वर पाठवू का? मी "हो" म्हणायला गेले आणि आवाजच निघाला नाही. घसा खरवडल्यासारखा नुसता वारा आला. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. मी पाणी प्यायले, पुन्हा प्रयत्न केला, तोवर त्याने फोन ठेवला होता. नंतर लक्षात आलं की सकाळच्या "काही नको"नंतर मी एक शब्दही बोललेली नव्हते, आणि आदल्या दिवशीही तेच. त्या दुपारी मी स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्याने पाढे म्हटले. मी मास्तरीण आहे, मला पाढे येतात. सगळे आले. तरी पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

आता हे सांगायला हवं की मी इतकी का घाबरले. माझ्या थोरल्या जाऊबाई, वत्सलाबाई, शेवटची वर्षं आमच्याकडेच होत्या. सुरुवात भांड्यांच्या नावांपासून झाली. आधी त्या "ते हे दे" म्हणायला लागल्या. मग भाजीत मीठ दोनदा पडू लागलं. मग संध्याकाळ झाली की विचारायच्या, "गाय बांधली का?" गाय विकून किती काळ लोटला होता. आम्ही सांगायचो, गाय नाही आता. त्या "हो का" म्हणायच्या आणि जरा वेळाने पुन्हा विचारायच्या, गाय बांधली का? घरातल्या लहानथोरांना एक वाक्य पाठ झालं होतं, आत्ताच सांगितलं ना. ते कोणी रागाने म्हणायचं, कोणी हसून. त्या प्रत्येक वेळी गोऱ्यामोऱ्या व्हायच्या, कारण आपलं काहीतरी चुकलं एवढं त्यांना कळायचं. पुढे तेही कळेनासं झालं. त्यांनी विचारणं बंद केलं, मग बोलणं, मग ओळखणं. मी हे सगळं जवळून पाहिलं आहे. कुठल्या पायरीनंतर कुठली पायरी येते हे मला तोंडपाठ आहे, आणि म्हणूनच मला झोप येत नव्हती.

कारण प्लास्टर निघाल्यावर एक दिवस मला झारा आठवेना. पुऱ्या तळत होते, रेवती बाजूला उभी. मी म्हटलं, "ते हे दे." तिने चमचा दिला. मी म्हटलं, "हे नव्हे, ते भोकाभोकाचं." तिने हसून झारा दिला. तिच्या लेखी विषय संपला. मी पुरी उलटायची विसरून कढईकडे बघत राहिले.

मग लिफ्टचं झालं. खाली चक्कर मारून वर आले आणि दारावर किल्ली लावली तर ती फिरेना. मी पुन्हा लावली, दार ढकललं, जोर केला. आतून एका पोरीने घाबरून विचारलं, "कौन है?" मी दुसऱ्याच मजल्यावर उतरले होते. तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? सगळे मजले एकसारखे, सगळी दारं तपकिरी, कोणाच्या दारात ना रांगोळी ना चपला, कोणीही चुकेल. मीही स्वतःला हेच सांगितलं. प्रत्येक चुकीसाठी मी शहराला उभं करून शिक्षा देत होते. झारा विसरले, कारण इथे पुऱ्या कधी होतात? आवाज गेला, कारण बोलायला कोण आहे? शहराने सगळं मुकाट ऐकून घेतलं. पण रात्री अंथरुणावर पडलं की मला वत्सलाबाई दिसायच्या.

आणि मग एका संध्याकाळी प्रशांत लॅपटॉपवरून डोकं न उचलता म्हणाला, "आई, आत्ताच सांगितलं ना."

मी काय विचारलं होतं ते मला आठवत नाही. तो काही रागाने बोलला नव्हता. कामात होता, एवढंच. पण ते वाक्य मी ओळखलं. मी खुर्चीची पाठ धरली आणि म्हटलं, "हो रे, ऐकू नाही आलं." ती माझी पहिली थाप. त्यानंतर मी फार हुशार झाले. काही विचारायचं झालं की आधी गप्प राहून दुसऱ्यांच्या बोलण्यातून अंदाज घ्यायचा. वार विचारायचा नाही, पेपरवर बघायचा. नाव आठवलं नाही तर "तुझा तो मित्र" म्हणायचं. म्हणजे आधीच कमी बोलत होते, ती आता आणखी कमी.

त्याच सुमारास जेवताना रेवतीने तिच्या मैत्रिणीच्या आईचं सांगितलं. त्या बाईंना विसरण्याचा आजार झाला म्हणून कुठल्याशा केंद्रात नेलं. "खूप छान ठेवतात हो," रेवती म्हणाली. "डॉक्टर असतात, बाग आहे." प्रशांतने मान हलवली. मी वरणभात कालवत राहिले. लोणचं बरणीत ठेवतात, गहू कोठीत ठेवतात. माणसाला कसं ठेवत असतील? त्यांना कळू द्यायचं नाही, कळलं की मला ठेवतील, हे मी त्या ताटावर पक्कं केलं.

वाती मात्र मी वळत होते. अभ्रा उघडून गॅलरीच्या दाराशी बसायचं. पण एकटीने वाती वळून पाहा एकदा. हात चालतो आणि डोकं भलतीकडे जातं. शिवाय कापूस संपत आला होता, आणि इथे कापूस मिळतो तो मेडिकलच्या दुकानात, निळ्या कागदात गुंडाळलेला. हे सांगून झालं का? झालं असेल तर पुन्हा ऐका.

कापूस मागायला म्हणून मी एका दुपारी कमलला फोन लावला. तिने उचलला आणि ओरडली, "थांब वं, हाताले राख आहे माह्या!" मागे बेबीचा आवाज आला, "कोन होय? सिंधू? अवं, फोन मधात ठेव ना, आमाले बी ऐकू दे." कमलने फोन स्पीकरवर टाकून तिघींच्या मधोमध, कापसाच्या सुपात ठेवला. आणि मग मजा अशी झाली की त्या मला विसरल्या. म्हणजे माझ्याशी फोनवर बोलावं तसं कोणी बोलेचना. कशी आहेस, जेवलीस का, तिकडे हवा कशी, असलं काही नाही. त्यांचं आपलं चाललं होतं ते चालूच राहिलं. सुशीलाच्या सुनेने आणलेला मिक्सर, कमलची कंबर, कोणीतरी शनिवारी जामसावळीच्या मारुतीला पायी जायचं म्हणून निघालं आणि लिंगा गावापर्यंत जाऊन ॲटोत बसलं. मी मध्येच बोलले, "तो पहिल्यापासून तसाच आहे," आणि तिघी हसल्या. मी ओट्यावर होते.

त्या दिवसापासून रोज दुपारी फोन मधात. मी इकडे माझा फोन मांडीवर ठेवायची आणि वाती वळायची. संध्याकाळी प्रशांत आला की माझा आवाज खुला असायचा. रेवती एकदा म्हणाली, "आई, तुम्ही हल्ली गाणं गुणगुणता." जेवण जायला लागलं. रात्री डोळा लागायला लागला. शब्दही परत आले, निदान मला तसं वाटलं. मी मनात म्हटलं, सिंधूबाई, तुम्हाला काही झालेलं नाही. तुम्हाला फक्त माणसं कमी पडली होती.

एका दुपारी बेबीकडची छान बातमी कळली. म्हणजे मीच विचारलं, "बेबी, पूजाचं कुठं जमलं का वं?" पूजा म्हणजे तिची नात. उत्तर कमलनेच दिलं, तिला दम निघत नाही. पूजाचं ठरलं होतं. मुलगा सौंसरचा, संत्र्याच्या व्यापाऱ्याचा. गोरा, उंच, चष्मेवाला. पाहायला आला तर त्याने पोहे पुन्हा मागून घेतले, आणि पूजाने आतूनच सांगितलं की मला पसंत आहे. मला इतका आनंद झाला! मी लग्नाला येणार, शालू नेसणार, असं काय काय बोलले. मग दारावर कोणीतरी आलं म्हणून म्हटलं, "ठेवतो वं, उद्या बोलू," आणि उठले. फोन उलटा ठेवला की बंद होतो असं कमलचं ठाम मत आहे. मीही घाईत बटण दाबलं नाही. भाजीवाल्याला पाठवून परत आले तर फोन सोफ्यावर तसाच बोलत होता.

"गेली का?" सुशीला विचारत होती.

"गेली. बंद केला म्या," कमल म्हणाली.

मग बेबी हळू आवाजात म्हणाली, "आज पुन्यांदा इचारलं वं तिनं. पूजाच्या लगनाचं."

"इचारलं तं इचारलं. सांगितलं ना म्या."

"काल बी सांगितलं होतं तुनं."

"काल नवरदेव सावळा होता," कमल म्हणाली. "आज म्या त्याले गोरा करून देला, अन् चष्मा लावला. तेच ते सांगून मले बी कंटाळा येते ना वं. उद्या इचारलं तं मिशा ठेवतो त्याले."

त्या हसल्या. आणि खरं सांगते, आधी मीही हसले. कमल बोलली की हसू येतंच. हसता हसता मला कळलं की हे कोणाबद्दल चाललं आहे.

"वत्सलाबाईचं असंच सुरू झालतं," सुशीला म्हणाली.

बेबीने नाक ओढल्याचा आवाज आला. मग कमल म्हणाली, आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता, "हाव. माहीत आहे मले. तिच्यासमोर कोनी तोंड उघडाचं नाई, सांगून ठेवतो. तिनं इचारलं का आपन सांगाचं. पुन्यांदा इचारलं, पुन्यांदा सांगाचं. आपल्याले दुसरं काम काय आहे? वाती तं वळाच्याच आहेत."

मी सोफ्यावर बसले होते आणि फोनला हात लावायचा धीर होत नव्हता. त्या पुढे मिक्सरबद्दल बोलायला लागल्या. माझ्या कानात नुसता सूं आवाज होता. ती बातमी मला नवी होती. आजही मला आधीच्या वेळा आठवत नाहीत, कितीही डोकं ताणलं तरी. किती दिवस चाललं होतं हे? आणखी काय काय मी पुन्हा पुन्हा विचारलं असेल? मी खोलीत इकडून तिकडे फिरले. पाढे म्हणायला गेले आणि थांबले, कारण पाढ्यांचा आता काही उपयोग नव्हता. शहराला दिलेल्या सगळ्या शिक्षा रद्द झाल्या. माझंच होतं ते. मला वत्सलाबाईंचं झालं होतं.

दुसऱ्या दुपारी मी फोन लावला नाही. कमलचा आला तर उचलला नाही. तोंड उघडलं की काहीतरी पुन्हा विचारेन अशी धास्ती बसली होती. संध्याकाळी रेवतीने विचारलं, "आई, आज वाती नाही का केल्या?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशीही तेच. मी पुन्हा गप्प होत चालले होते, आणि या वेळी स्वतःहून. वत्सलाबाईंनी विचारणं बंद केलं तेव्हा घरातल्यांना जरा हायसं वाटलं होतं. आम्ही समजलो, त्यांना आता त्रास नाही. त्या आतमध्ये अशाच बसल्या असतील का, तोंड मिटून, आपली चूक होऊ नये म्हणून? हा विचार आला आणि मला घरात बसवेना.

प्रशांत सकाळी कॉफी करत होता. मी जाऊन ओट्याजवळ उभी राहिले आणि सांगून टाकलं. "मला विसरायला होतं आहे. वत्सलाकाकूसारखं." तो वळला नाही लगेच. गॅस बंद केला, मग विचारलं, "केव्हापासून?"

"ते मला कसं आठवेल?" मी म्हटलं.

तो हसला आणि त्याचे डोळे भरले. म्हणाला, त्यालाही शंका होती, पण विचारायची भीती वाटत होती. म्हणजे एका घरात आम्ही दोघं एकाच गोष्टीला घाबरून एकमेकांपासून लपत होतो. मी त्याला तेही विचारलं, मनात कुसळासारखं रुतलेलं. "मला कुठं ठेवणार का?" तो म्हणाला, "कोण ठेवतंय तुला? काय बोलते तू?" रागावला होता. मला तो राग फार बरा वाटला.

डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि शांत होत्या. रक्त घेतलं, डोक्याचे फोटो काढले, प्रश्न विचारले. काही प्रश्न धड गेले, काही गेले नाहीत. त्यांनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, सुरुवात असू शकते. माणूस एकटं पडलं, मन खचलं तरी असं होतं, आणि कधी दोन्ही मिळून असतं. काही महिन्यांनी पुन्हा पाहावं लागेल. गोळ्या दिल्या. चालायला सांगितलं, माणसांत राहायला सांगितलं. दुपारच्या फोनचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "तो बंद करू नका." मी सांगितलं की बंदच केला आहे. "मग आज लावा," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर काही महिने पांढुर्ण्याला जाऊन राहावं असं ठरतंय. ठरतंय म्हणजे अजून ठरलेलं नाही. प्रशांतला वाटतं डॉक्टर नागपूरला, वेळेला गाठता येईल का. कमल म्हणते मी रात्री सिंधूकडे झोपायला जाईन. रेवती म्हणते मीही येईन थोडे दिवस, मला वाती शिकायच्या आहेत. बघू. गेले तरी ते काही सगळं जागच्या जागी मिळणं नाही, हे मला कळतं. तो ओटा, ते दार, कमलचं तोंड, यातलं काय माझ्याजवळ किती दिवस राहील याचा आता भरवसा नाही. भीती गेली का म्हणून विचाराल, तर नाही. सकाळी जाग आली की मी आधी पडल्या पडल्या सगळ्यांची नावं घेऊन बघते, आणि एखादं अडलं की घाम फुटतो.

पण पूर्वी मला कोणी घर विचारलं की मी पांढुर्ण्याचा पत्ता सांगायचे. आता वाटतं, मी एखादी गोष्ट पुन्हा विचारली आणि कोणी एकमेकांच्या तोंडाकडे बघितलं नाही, तर ते माझं घर. प्रशांत शिकतो आहे. चुकतो, जीभ चावतो, आणि पुन्हा सांगतो.

डॉक्टरांकडून आले त्याच दुपारी फोन लावला. कमलने दोन शिव्या घातल्या, इतके दिवस कुठं मेली होतीस म्हणून, आणि फोन मधात ठेवला. मी काय ऐकलं ते मी त्यांना सांगितलं नाही, आणि त्यांनी विचारलं नाही. हे वाचतील तेव्हा कळेलच. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हटलं, "बेबी, पूजाचं कुठं जमलं का वं?"

डॉक्टरांकडे सोबत आलेली रेवती शेजारीच होती. तिने चमकून पाहिलं, तेव्हा मी तिला डोळ्याने खूण केली की मुद्दाम विचारते आहे. मुद्दामच विचारलं होतं का, हे आज लिहिताना मला खात्रीने सांगता येत नाही.

पलीकडे कोणीही थांबलं नाही. सुपात कापूस ओढल्याचा आवाज तसाच चालू होता.

"अवं, तुले सांगाचंच राह्यलं!" बेबी म्हणाली. "बस आता निवांत. पहिल्यापासून सांगतो."

मी पाय पसरून बसले.